काळ्या मासाची कोंबडी : कडकनाथ



उसाचं बिल वर्षातून एकदोनदा हाती पडतं, पण मीठ-मिरचीचा खर्च रोजचा. तो भागवते ती घरची बाई, आणि तिच्या मदतीला असते दारातली कोंबडी. म्हणून या अंकात आम्ही आपल्या शेजारच्या एका नामांकित कोंबडीविषयी लिहीत आहोत.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला, धडगावच्या डोंगरापलीकडे नर्मदा आणि नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशातला अलिराजपूर-झाबुआचा मुलूख. तिथल्या भिल्ल-भिलाला बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही जात. तिकडे तिला ‘कालामासी’ म्हणतात. नाव अगदी सार्थ आहे. पिसं, चोच, पाय, कातडी तर काळीच, पण मांस आणि हाडंसुद्धा काळपट. तुरा व जीभही जांभळट काळी. काळा रंग देणारं द्रव्य अंगभर पसरल्यामुळे असं होतं. चीनमधली रेशमी पिसांची कोंबडी आणि इंडोनेशियातली ‘अयाम चेमानी’ याच गुणाच्या. कडकनाथात निव्वळ काळा, पिसांवर पांढुरक्या रेघा असलेला आणि सोनेरी झाक असलेला असे तीन प्रकार दिसतात. अंडं मात्र काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळी अंडी म्हणून कुणी विकू लागला तर सरळ वाटेला लावावा.

झाबुआच्या कडकनाथ मांसाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि शहरात मागणी वाढली. मांस कमी चरबीचं व चवीला दमदार. पक्षी काटक, ऊन सोसणारा, उकिरड्यावर चरून पोट भरणारा. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाढ सावकाश आहे. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विक्रीला येतो. कडकनाथ पाच महिन्यांनी जेमतेम किलोभर भरतो. अंडी वर्षाकाठी शंभराच्या आतच. शिवाय ही कोंबडी खुडूक फार क्वचित बसते, म्हणून तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात.

आता मुद्द्याचं. ‘पिल्लं आमच्याकडून घ्या, खाद्यही आमचंच घ्या, अंडी-पक्षी ठरल्या भावानं परत घेऊ’ असं सांगणाऱ्या योजनांपासून सावध राहा. 2019 साली सांगली-कोल्हापूरकडे याच नावाखाली शेतकऱ्यांची मोठी फसवणूक झाल्याचं प्रकरण उघडकीस आलं, गुन्हे दाखल झाले. कर्ज काढून शेड उभारलेल्यांच्या दारात पक्षी राहिले आणि घेणारा नाहीसा झाला. यात कोंबडीचा काय दोष? बाजार न पाहता पैसा गुंतवला, तिथंच गाडी अडली.

रोगाचंही भान हवं. आपल्या नवापुरानं 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू पाहिला. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. 2021 साली पुन्हा तीच आपत्ती आली. तेव्हा अचानक मरतूक दिसली तर पक्षी उकिरड्यावर टाकू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडीची लस मात्र चुकवायची नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

आमचं मत विचाराल तर सुरुवात दहा माद्या व एका नरानं करावी. पिल्लं सरकारी प्रक्षेत्रातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून चौकशी करून घ्यावीत. गावरान कोंबडीशी मेळ झाला तरी पिल्लांत काळेपणा उतरतो, म्हणून नुसत्या रंगावर भुलू नये. जात शुद्ध ठेवायची तर नर वेगळा राखावा. खुराड्यात वाळलेलं बगॅस अंथरलं तर ओल शोषली जाते आणि तेच पुढं खत म्हणून उसाला जातं. आधी गावात व तालुक्याच्या बाजारात गिऱ्हाईक जोडावं, मगच पक्षी वाढवावेत.

डोंगरातल्या माणसांनी ही जात कागदाशिवाय, अनुदानाशिवाय जपली. ती त्यांनी जपली घरच्या गरजेपुरती, पाहुण्यासाठी आणि देवासाठी. आपणही तिच्याकडं झटपट श्रीमंतीचं साधन म्हणून न पाहता घरची लक्ष्मी म्हणून पाहिलं, तर ती चार पैसे देईल आणि टिकूनही राहील. आणि ते चार पैसे कोंबडी सांभाळणाऱ्या बाईच्याच हाती राहू द्यावेत, एवढीच पुरुष सभासदांना आमची विनंती.