कुत्र्याचा खोकला : दोष केवळ धुळीचा नव्हे

पुणे-बंगळूर महामार्गालगतची शिरोली एमआयडीसी म्हणजे कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगाचे मोठे केंद्र. कारखान्याच्या फाटकाशी राखणीचे कुत्रे खोकू लागले, की ‘धूळ लागली’ हे निदान तेथल्या तेथे होते. ते अगदीच निराधार नाही. साचे फोडताना उडणारी वाळूची बारीक धूळ आणि भट्टीचा धूर श्वासनलिकेचा दाह वाढवितात. मात्र सारा दोष धुळीवर टाकला, की खरा आजार मागे राहतो आणि उपचाराची वेळ निघून जाते.

खोकला किती दिवसांचा आहे, हे प्रथम पाहावे. ‘केनेल कफ’ हा संसर्गजन्य खोकला एकाएकी सुरू होतो. बोर्डेटेला हा जीवाणू व काही विषाणू त्याला कारणीभूत असतात. कुत्रे कोरडे खोकते, शेवटी उबळ येऊन फेस टाकते. खाणे-पिणे मात्र बहुधा ठीक असते. शेजारच्या कुत्र्यांना तो सहज लागतो, पण निरोगी जनावर साधारणतः दोन-तीन आठवड्यांत बरे होते. सोबत ताप आणि डोळ्या-नाकातून घट्ट स्राव असेल, विशेषतः लस न दिलेल्या पिलात, तर डिस्टेंपरची शंका घ्यावी.

ही उबळ पाहून घशात हाड अडकले असावे, अशा समजुतीने अनेक जण कुत्र्याच्या तोंडात हात घालतात. तसे मुळीच करू नये. आवाज बदलणे, लाळ गळणे, गिळता न येणे ही रेबीजचीही लक्षणे असतात.

खोकला दोन महिन्यांहून अधिक टिकला, तर जीर्ण ब्राँकायटिसचा विचार होतो. धुळीचा खरा वाटा येथे असतो. अशा कुत्र्याची जागा वाळूच्या ढिगापासून व भट्टीपासून दूर हलविल्याविना औषधांचा पुरेसा उपयोग होत नाही. पॉमेरेनियन, पग अशा लहान जातींत श्वासनलिका दबून बदकाच्या ओरडण्यासारखा आवाज येतो. त्यांना गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा बांधावा.

सर्वाधिक दुर्लक्षित राहते ते हृदय. उतारवयातील लहान कुत्र्यांत हृदयाची झडप निकामी होऊ लागते, हृदय आकाराने वाढते व श्वासनलिकेवर दाब येतो. फिरताना दमणे, एखाद्या वेळी शुद्ध हरपणे, ही त्याची चिन्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, हृदय वाढलेल्या पण हृदयविफलतेची लक्षणे नसलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडान हे औषध दिल्यास हृदयविफलता सुमारे १५ महिने लांबते, असे आढळले. लवकर निदानाचे मोल यावरून ध्यानी यावे.

घरी करता येण्याजोगी एक सोपी तपासणी आहे. कुत्रे गाढ झोपले असता छातीचे वर-खाली होणे मिनिटभर मोजावे. ही संख्या वारंवार ३० च्या वर जात असेल, तर पशुवैद्यकांकडे त्वरित जावे. हिरड्या निळसर दिसल्यास क्षणाचाही विलंब नको.

माणसांची सर्दी-खोकल्याची औषधे मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरू शकतात, तसेच साखरविरहित औषधांतील झायलिटॉलही. दवाखान्यात जाताना खोकल्याचे मोबाइलवरील चित्रण आणि लसीकरणाची नोंदवही सोबत न्यावी; तपासणीच्या टेबलावर कुत्रे बहुधा खोकत नाही. छातीचा एक्स-रे वा हृदयाची सोनोग्राफी कोठे करावी, हे पशुवैद्यकच सांगतील. याच महामार्गावर सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.