खडकावरचे ८५ दिवस

गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, वॉकर धरून चार पावलं टाकायलाही लागली. पण जेवणावरची तिची वासनाच उडाली. दोन घास खायचे आणि ताट बाजूला सारायचं. ‘आता कशाला उगाच,’ एवढंच म्हणायची. मी चिडले, विनवण्या केल्या, काही उपयोग झाला नाही. एका संध्याकाळी मऊ भाताची वाटी घेऊन खोलीत गेले, तर माझी मुलगी आजीच्या उशाशी बसून तिला जपानी चाच्यांची गोष्ट सांगत होती.

‘वन पीस’ हे नाव घरात तरुण मुलं असलेल्यांना सांगायला नको. एइचिरो ओदा या चित्रकाराने वयाच्या २२व्या वर्षी, जुलै १९९७ मध्ये, ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात ही चित्रकथा सुरू केली. शंभरावर खंड झाले, तरी ती संपलेली नाही. लुफी नावाचा, पेंढ्याची हॅट घालणारा पोरगा खजिन्याच्या शोधात निघतो, एवढंच कथासूत्र. मुलीच्या कपाटातली ही पुस्तकं मी इतकी वर्षं फक्त झटकून ठेवत आले होते. त्या संध्याकाळी दाराशी उभी राहून ऐकू लागले.

गोष्ट सांजीची होती. प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात राबणारा हा लहान मुलगा वादळात सापडतो आणि झेफ नावाच्या चाच्यासह एका उंच, ओसाड खडकावर अडकतो. झेफ शिध्याची लहान पिशवी पोराला देतो, मोठी स्वतःकडे ठेवतो आणि बजावतो, तू त्या बाजूचा समुद्र बघ, मी या बाजूचा. दिवस जातात. भुकेने वेडापिसा झालेला पोरगा अखेर सुरी घेऊन म्हाताऱ्याची पिशवी लुटायला जातो. पिशवीत सोनंनाणं, अन्नाचा कणही नाही. आणि झेफचा एक पाय नाही. सगळं अन्न पोराला देऊन त्याने स्वतःच्या पायावर भूक भागवली होती. ८५ दिवसांनी त्यांची सुटका होते. (ॲनिमे मालिकेत हा प्रसंग सौम्य केला आहे, मूळ पुस्तकात तो असाच आहे.) मोठेपणी आचारी झालेला सांजी दारी आलेल्या भुकेल्या शत्रूलाही आधी जेवू घालतो.

‘पाय खाल्ला?’ आई म्हणाली. बऱ्याच दिवसांत तिने काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर मीही ते खंड वाचायला घेतले. खरं सांगायचं तर आरडाओरडा फार, मारामाऱ्या पन्नास-पन्नास पानं चालतात, आणि इतके घाव सोसून माणसं उठून बसतात तेव्हा हसू येतं. पुढे तर इच्छाशक्तीचं ‘हाकी’ नावाचं शस्त्रच होतं. आपल्या हॉकीशी त्याचा संबंध नाही. मला ते फारसं रुचलं नाही. इच्छाशक्ती शस्त्र नसते, तिथेच ही कथा जास्त खरी वाटते. रॉबिनचंच पाहा. तिच्या बेटावरच्या विद्वानांनी निषिद्ध इतिहास वाचला म्हणून सरकारने ते बेट बेचिराख केलं. तेव्हा आठ वर्षांची असलेली ती वीस वर्षं पळत राहते आणि अखेर साथीदार वाचावेत म्हणून मरणाला कबूल होते. ते सोडवायला येतात, पण जगायचं आहे हे तिने स्वतःच्या तोंडाने म्हणावं असा हट्ट धरतात. ते म्हणणं तिला कुठल्याही लढाईपेक्षा जड जातं. ते पान वाचताना आईचं ‘कशाला उगाच’ मला ऐकू येत होतं.

ओदा कुमामोतोचे. एप्रिल २०१६ मध्ये तिथे भूकंप झाला. माशिकी गावाला जपानी मोजपट्टीवरचा सर्वोच्च, सात तीव्रतेचा हादरा सुमारे २८ तासांच्या अंतराने दोनदा बसला. ओदांनी मदत पाठवली. पुढे २०१८ ते २०२२ या काळात लुफी आणि त्याच्या नऊ साथीदारांचे पुतळे त्या प्रांतात ठिकठिकाणी उभे राहिले. सांजी माशिकीत आहे. पुराणवस्तूंची अभ्यासक रॉबिन मिनामी-आसोत, भूकंपाची खूण म्हणून जतन केलेल्या विद्यापीठाच्या जुन्या आवारात. जागा निवडणाऱ्यांनी पुस्तक नीट वाचलं असणार.

आई काही चमत्कारासारखी जेवायला लागली नाही. पण रोज संध्याकाळी गोष्ट ठरली, आणि गोष्टीबरोबर वाटीभर भातही जाऊ लागला. तिला सर्वांत आवडला ब्रुक. सोबती एकेक करून मरताना शेवटचं गाणं वाजवत राहतात, वाद्यं एकामागून एक थांबतात. हा मरून परत येतो, पण नुसता सांगाडा होऊन. पन्नास वर्षं धुक्यातल्या जहाजावर एकटा. तरी जगतो, कारण लाबून नावाच्या देवमाशाला परत येण्याचा शब्द दिलेला असतो आणि तो मासा अजून वाट पाहत असतो.

परवा वॉकर टेकत आई स्वतःच जेवणाच्या टेबलापाशी आली. ‘त्या सांगाड्याला मासा भेटला का गं?’

‘नाही आजी, अजून नाही.’

‘बाई, किती लांबवतात,’ आई म्हणाली आणि ताट पुढे ओढलं.