घरांतील संगीतश्रवण व उघड्या पाठीचे हेडफोन

गाण्याची आवड असणें आणि तें ऐकण्यास घरांत एकान्त मिळणें, या दोन गोष्टी मुंबईंत एकत्र क्वचितच आढळतात. गिरगांवच्या चाळींत किंवा दादरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आजोबांची विश्रांति, मुलांचा अभ्यास व स्वयंपाकघरांतील गडबड हीं सर्व एकाच वेळीं चाललेलीं असतात. तेथें मोठ्यानें गाणें लावणें म्हणजे एकाच्या आनंदासाठीं चौघांस वेठीस धरणें होय. म्हणून हेडफोन ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. परंतु कानांवर हेडफोन चढविला कीं मनुष्य घरांत असून नसल्यासारखा होतो, ही तक्रारहि घरोघर ऐकूं येते. थोड्या खर्चांत या दोन्ही अडचणींतून वाट काढतां येईल काय, एवढाच विचार येथें करावयाचा आहे.

डोक्यावरून घ्यावयाच्या हेडफोनांचे मुख्य प्रकार दोन. एकांत कानावरील वाटीची पाठ बंद असते, दुसऱ्यांत ती जाळीची असते. बंद वाटींत कंप पावणाऱ्या पडद्यामागचा ध्वनि कोंडला जातो, त्यामुळें खर्ज कित्येकदां फुगल्यासारखा वाटतो. उघड्या पाठीच्या हेडफोनांत तोच ध्वनि जाळींतून मोकळा निघून जातो. तंबोऱ्याची जवारी मग अधिक स्पष्ट लागते, आणि गवई आपल्या डोक्याच्या आंत न बसतां थोडा समोर बसला आहे असा भास होतो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनें या जातीचा पहिला हेडफोन, ‘एच्. डी. 414’, 1968 सालीं विक्रीस आणला.

आमच्याकडील हवेंत या जाळीचा आणखी एक उपयोग आहे. वैशाखांत बंद वाट्यांखालीं कान घामानें भिजतात. उघड्या वाट्यांत वारा खेळतो. त्यांतहि गाद्या कापडी असाव्या. कातडीसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम गाद्यांचे दमट हवेंत लवकरच पापुद्रे सुटूं लागतात.

परंतु कुटुंबाच्या दृष्टीनें खरा लाभ निराळाच आहे. उघड्या हेडफोनांतून दाराची घंटा, कुकरची शिट्टी आणि आईची हांक हीं ऐकूं येतात. प्रो. देवधरांनीं ज्या गिरगांवांत 1925 सालीं आपली संगीतशाळा स्थापन केली, तेथें गाणें शिकणारीं मुलें-मुली आजहि कमी नाहींत. मोबाइलवरील तंबोरा कानांत घेऊन रियाज करतांना स्वतःचा आवाजहि खरा ऐकूं यावा लागतो. बंद हेडफोनांत तो घुमतो. उघड्यांत स्वर आणि तंबोरा यांचा मेळ नीट पारखतां येतो.

आतां दुसरी बाजू. ज्या जाळींतून बाहेरचा आवाज आंत येतो, तिच्यांतूनच आंतलें गाणें बाहेर जातें. ना. म. जोशी मार्गावरील बी. डी. डी. चाळींतल्या खोल्या 160 चौरस फुटांच्या बांधलेल्या. तेवढ्या जागेंत निजलेल्या माणसाशेजारीं रात्रीं हा हेडफोन लावणें योग्य नव्हे. तेथें बंद पाठीचाच घ्यावा. तसेंच लालबाग-परळच्या हमरस्त्यावर ज्यांची खिडकी आहे, त्यांना गणेशोत्सवांत याचा उपयोग थोडा. बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठीं आवाज चढवीत जाणें हें तर कानांशीं वैरच. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं आठवड्यास 40 तास व 80 डेसिबल, आणि मुलांसाठीं तितक्याच वेळास 75 डेसिबल, अशी मर्यादा 2019 सालीं सुचविली आहे. ज्या वेळीं हलक्या आवाजांत गाणें नीट ऐकूं येत नाहीं, ती वेळ उघड्या हेडफोनाची नव्हे असें समजावें.

खरेदी करतांना प्रथम विद्युत्-रोधाचा आंकडा पाहावा. तो ओहमांत दिलेला असतो, आणि फार मोठा असल्यास बहुधा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च वाढतो. काटकसरीनें आरंभ करावयाचा तर कोस कंपनीचा कानास अडकविण्याचा ‘के. एस्. सी. 75’, किंवा 1984 सालापासून चालत आलेला ‘पोर्टा प्रो’ पाहावा. दोहोंचा रोध 60 ओहम. कान पूर्ण झांकणारा हवा असल्यास फिलिप्सचा ‘एस्. एच्. पी. 9600’ 32 ओहमांचा व सेनहायझरचा ‘एच्. डी. 599’ 50 ओहमांचा आहे. हे मोबाइलवरहि पुरेसे वाजतात. ‘एच्. डी. 600’ नामांकित खरा, पण तो 300 ओहमांचा. त्याच्या वाटेस आरंभींच जाऊं नये. मोबाइलला हेडफोनचें भोक नसेल तर लहानसा जोड मिळतो. तार सुटी करतां येणारी असावी, कारण बहुधा प्रथम तीच तुटते. बॅटरी नसल्यामुळें हा हेडफोन नीट वापरल्यास वर्षानुवर्षें टिकतो.

लॅमिंग्टन रोडवर गेल्यास कानास लावून पाहिल्याशिवाय पैसे मोजूं नयेत, व पावती आणि हमीपत्र घेण्यास विसरूं नये. परीक्षेसाठीं आपल्या पूर्ण परिचयाचें गाणें न्यावें. किशोरी आमोणकरांचा भूप लावला तर मागील तंबोरे वेगळे लागतात कीं नाहीं, तबल्याचा डग्गा स्वच्छ वाजतो कीं गुरगुरतो, हें पाहावें. केसरबाई केरकर किंवा हिराबाई बडोदेकर यांच्या जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरून मात्र परीक्षा करूं नये. त्या एकमार्गी असल्यामुळें आवाज डोक्याच्या मध्यभागीं येतो, व त्यांतील खरखर चांगल्या हेडफोनांत अधिकच जाणवते. त्यांत दोष हेडफोनाचा नाहीं. वीस मिनिटें लावून डोकें आवळत नाहीं ना, हेंहि पाहावें.

शेवटची परीक्षा घरच्या मंडळींनीं करावयाची. आपण नेहमींच्या आवाजांत गाणें लावावें आणि अभ्यासाला बसलेल्या मुलास किंवा पडून असलेल्या आजीस विचारावें. त्यांना त्रास होत नसेल आणि त्यांची हांक आपणांस ऐकूं येत असेल, तर तो हेडफोन त्या घराला मानवला. कान एकाचे असले तरी घर सर्वांचें आहे. म्हणून निवडींतहि सर्वांचें मत घ्यावें.