महाशीर वाचवायचा तर आधी पाणी स्वच्छ हवे

धरणे, बेसुमार मासेमारी आणि सांडपाणी यांमुळे नद्यांतला महाशीर मासा कमी झाला. लोणावळ्यात टाटा पॉवर १९७०च्या दशकापासून त्याची पिल्ले वाढवते. अशा केंद्रांत एरोमोनाससारख्या जिवाणूंचा धोका असतो. ते गोड्या पाण्यात असतातच. पण गर्दी झाली, उरलेले खाद्य आणि मेलेली अंडी साचली, की रोग उसळतो. अंगावर जखमा पडतात, पोट फुगते. म्हणून मेलेली अंडी वेळच्या वेळी काढणे, पाणी वाहते ठेवणे, प्रत्येक टाकीचे जाळे वेगळे ठेवणे हा पहिला उपाय. उठसूट अँटिबायोटिक दिल्यास औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढतात.

मित्रांनो, सोलापूरच्या नवी पेठेतून आम्ही एवढेच सांगतो: घरच्या टाकीतला आजारी मासा संभाजी तलावात सोडू नका. ती करुणा नव्हे. त्याचा रोग तिथल्या माशांना लागू शकतो.