स्तनशस्त्रक्रियेतील प्रादेशिक भूल
येरवडा कारागृहातील बंदी महात्मा गांधी यांच्यावर १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, ती क्लोरोफॉर्मच्या पूर्ण भुलेखाली. अशी भूल उतरताच वेदना जाणवू लागते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर तर ती काही स्त्रियांत अनेक महिने टिकते. स्तनाची संवेदना मुख्यतः बरगड्यांमधील मज्जातंतू वाहून नेतात. सोनोग्राफीच्या साहाय्याने कण्यालगत, किंवा ब्लँको व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीने छातीच्या स्नायूंच्या थरांमध्ये, बधिरीकरणाचे औषध सोडल्यास वेदनेचे बरेचसे संदेश वाटेतच रोखले जातात. परिणामी अफूजन्य औषधांची गरज घटते. कण्यालगतच्या पद्धतीत फुप्फुसावरणाला इजा होण्याचा अल्प धोका असतो. म्हणूनच पद्धतीची निवड भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णेशी चर्चा करून करणे इष्ट ठरते.