पुणेरी पलटणचा दहावा हंगाम : एका विजेत्या संघाची घडण

व्यावसायिक सांघिक खेळात हंगाम म्हणजे ठरावीक संघांनी ठरावीक काळात एकमेकांविरुद्ध खेळलेल्या साखळी सामन्यांची मालिका, त्या सामन्यांतून तयार होणारी गुणतालिका आणि तालिकेत वरच्या स्थानी राहिलेल्या मोजक्या संघांची शेवटची बाद फेरी. या रचनेचे एक ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील बेसबॉल. तेथील सर्वोच्च स्तरावरचा संघ आजही सुमारे सहा महिन्यांत १६२ साखळी सामने खेळतो, आणि इतक्या दीर्घ पल्ल्यात एखाद्या दिवसाच्या नशिबापेक्षा संघाची एकंदर ताकद निकाल ठरवते. भारतात ही रचना क्रिकेटनंतर सर्वांत यशस्वीपणे स्वीकारली ती कबड्डीने. कबड्डीसारख्या शरीराची कसोटी पाहणाऱ्या खेळात १६२ सामने अशक्यच. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला २२ साखळी सामने आले. तरीही २०२३–२४ च्या त्या हंगामात पुणेरी पलटण या संघाने जे सातत्य दाखवले, ते व्यावसायिक खेळातील संघबांधणीचा अभ्यास करणाऱ्याने बारकाईने पाहावे असे आहे.

महाराष्ट्रात हुतुतू, तमिळनाडूत चेडुगुडू आणि बंगालमध्ये हाडुडू या नावांनी खेळल्या जाणाऱ्या या खेळाला लिखित नियम, मैदानाची निश्चित मापे आणि स्पर्धांची शिस्त देण्यात महाराष्ट्रातील संस्थांचा वाटा मोठा आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक सादर केले, तर शंकरराव तथा बुवा साळवी यांनी खेळाच्या संघटनेसाठी आयुष्य वेचले; त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले. मातीतला हा खेळ मॅटवर आणि तेथून दूरचित्रवाणीच्या प्रकाशझोतात आला तो २६ जुलै २०१४ रोजी, मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला तेव्हा.

त्या पहिल्या हंगामात आठ संघ होते आणि पुणेरी पलटण आठवी आली. दुसऱ्या हंगामातही तिचे स्थान तेच राहिले. खेळाच्या माहेरघरातील संघाची ही अवस्था महाराष्ट्रातील जाणकारांना बोचणारी होती. तिसऱ्या आणि चौथ्या हंगामात तिसऱ्या क्रमांकापर्यंत मजल गेली, परंतु विजेतेपद दूरच राहिले. खरा बदल घडला तो संघाने नामवंतांच्या मागे धावणे कमी करून अननुभवी तरुणांवर भरवसा ठेवला तेव्हा. लीगच्या नियमांत नवोदित खेळाडूंसाठी स्वतंत्र वर्ग आहे. या वर्गातील खेळाडू मुख्य लिलावाबाहेर, निवड चाचण्यांतून संघात घेतले जातात आणि पुढील हंगामांसाठी राखून ठेवता येतात. पंकज मोहिते २०१९ मध्ये, तर अस्लम इनामदार आणि मोहित गोयत आठव्या हंगामात याच वाटेने पुढे आले. त्या काळात संघाची सूत्रे भारताचा माजी कर्णधार अनुप कुमार याच्याकडे होती. नवव्या हंगामापासून ती बी. सी. रमेश यांच्याकडे आली, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली बंगाल वॉरियर्सने २०१९ मध्ये विजेतेपद मिळवले होते. नवव्या हंगामात पलटण प्रथमच अंतिम फेरीत पोहोचली, पण १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून ३३–२९ असा पराभव झाला. या पराभवानंतर संघ मोडला गेला नाही, आणि दहाव्या हंगामाचे बरेचसे श्रेय या एका निर्णयाला द्यावे लागते.

दहाव्या हंगामाचा लिलाव ९ आणि १० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत झाला. त्याच्या दोनच दिवस आधी, ७ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला वादग्रस्त अंतिम सामन्यात ३३–२९ असे हरवून सुवर्णपदक घेतले होते. भारताच्या संघात पलटणचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. इराणच्या बचावाचा कणा होता मोहम्मदरेझा शादलू. पलटणने या शादलूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले आणि तो तोवरचा सर्वांत महागडा परदेशी खेळाडू ठरला. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये दिले, पण तो संघ तालिकेच्या तळाशी राहिला. दोन्ही संघांनी तिजोरी उघडली. फरक इतकाच की पलटणने आधी घर उभारले होते आणि मग त्यात जी एक जागा रिकामी होती ती भरली.

ती जागा कोणती, हे समजण्यासाठी खेळाची रचना लक्षात घ्यावी लागते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. प्रत्येक बाजूला सात गडी, आणि वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. चढाई करणारा गडी ‘कबड्डी’ असा उच्चार अखंड ठेवत प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जातो, त्याला तीस सेकंदांत गडी बाद करून किंवा बोनस रेषा ओलांडून परतायचे असते, तर बचाव करणाऱ्यांना त्याची पकड करायची असते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घेणे भाग असते, अन्यथा चढाईपटूच बाद होतो. समोरचा संपूर्ण संघ बाद केल्यास लोण चढतो आणि दोन जादा गुण मिळतात. तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात असताना केलेली पकड अव्वल पकड मानली जाते आणि तिला एक गुण अधिक मिळतो.

या नियमांमुळे बचावाची खरी जबाबदारी कोपरारक्षकांवर, म्हणजे फळीच्या दोन टोकांना उभ्या राहणाऱ्या गड्यांवर, आणि त्यांच्या आतल्या बाजूला असलेल्या मध्यरक्षकांवर पडते. कोपरारक्षक चढाईपटूचा घोटा किंवा मांडी धरून त्याला अडवतो, आणि मध्यरक्षक धडक देऊन त्याला मध्यरेषेपासून तोडतो. या दोन क्रियांमध्ये क्षणाचेही अंतर पडले तर चढाईपटू निसटतो आणि सोबत गुणही घेऊन जातो. पलटणकडे उजव्या बाजूला गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन ही जोडी एकमेकांच्या हालचाली ओळखून खेळत होती. डाव्या कोपऱ्यात शादलू आल्यावर फळी पूर्ण झाली. त्याने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले, जे सर्व संघांतील खेळाडूंत सर्वाधिक होते. चढाईत मात्र पलटणने उलट मार्ग धरला. एकाच चढाईपटूवर भार टाकण्याऐवजी अस्लम, मोहित, पंकज आणि आकाश यांच्यात तो वाटला गेला, आणि त्यामुळे एखादा बाद होऊन बाकावर बसला तरी संघाची चाल थांबत नसे. हंगामातील सर्वाधिक चढाईगुण दिल्लीच्या आशू मलिकच्या नावावर जमा झाले. तरी सर्वोत्तम खेळाडूचा मान पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार याला मिळाला, आणि तो न्याय्यच होता. चढाई, बचाव आणि नेतृत्व या तिन्ही अंगांत संघाला उपयोगी पडणारा दुसरा खेळाडू त्या हंगामात दिसला नाही.

हंगाम २ डिसेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत सुरू झाला आणि बारा संघांचा हा तांडा बारा शहरांतून फिरला; डिसेंबरच्या मध्यात पुण्यात बालेवाडीचा मुक्काम झाला. विजयाला पाच गुण, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवाला एक गुण, अशी पद्धत होती. पलटणने २२ पैकी १७ सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, आणि जे दोन गमावले तेही सात गुणांच्या आतच; एकूण ९६ गुणांसह ती अव्वल राहिली. जयपूर ९२ गुणांसह दुसरे आले. पहिले दोन संघ तेव्हा थेट उपांत्य फेरीत जात, त्यामुळे थकलेल्या शरीरांना मिळणारी विश्रांती हे या अव्वल स्थानाचे ठोस बक्षीस होते. हैदराबादेतील उपांत्य सामन्यात पलटणने पाटणा पायरेट्सला ३७–२१ असे सहज नमवले.

१ मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात समोर होता हरियाणा स्टीलर्स, ज्याने जयपूरला बाहेर काढले होते. सामना बचावाचा झाला, गुण मोजून मिळत होते, आणि अशा वेळी पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणून पलटणला पुढे नेले. ही आघाडी टिकली. २८–२५ अशा विजयासह पलटणने पहिले अजिंक्यपद आणि तीन कोटी रुपयांचे बक्षीस मिळवले. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला, अस्लमला दुखापतीने ग्रासले, आणि गतविजेते बाद फेरीपर्यंतही पोहोचू शकले नाहीत. यातून संघाची नाजूक बाजूही दिसते : अनेकांवर भार वाटलेला संघसुद्धा दोन खांब एकदम निघाल्यावर डगमगतो. २०२५ मध्ये अजय ठाकूरच्या मार्गदर्शनाखाली पलटण पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि दबंग दिल्लीकडून ३१–२८ अशी हरली.

या संघाचा कर्णधार अहिल्यानगर जिल्ह्यातला, आणि आकाश शिंदे नाशिक जिल्ह्यातला. असे खेळाडू घडू शकतील असा भाग तेथून फार दूर नाही : नाशिकची हद्द ओलांडली की पालघर जिल्ह्याचा मोखाडा तालुका लागतो. मोखाड्यातील पोशेऱ्यासारख्या गावांत नागली-वरईची कापणी आटोपल्यावर अनेक कुटुंबे मजुरीसाठी भिवंडी-वसईकडे, वीटभट्ट्यांवर जातात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत दूरचित्रवाणीवर हा दहावा हंगाम रंगात आला होता. मूल आई-वडिलांबरोबर स्थलांतरित झाले की त्याची शाळा सुटते आणि सरावही सुटतो. निवासी आश्रमशाळेतले मूल मात्र वर्षभर एकाच मैदानावर राहते. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांमधील क्रीडास्पर्धांत कबड्डी हा मुख्य खेळांपैकी एक आहे, आणि चपळ पाय, डोंगर चढून कमावलेला दम व जमिनीशी जवळीक हे या खेळाचे भांडवल तेथे आधीपासूनच आहे. पलटणचे यश नवोदितांच्या निवडीतून उभे राहिले, हे ज्या निवडकर्त्यांना आणि जिल्हा संघटनांना पटले असेल, त्यांनी आपल्या चाचण्या शहरांत भरवून थांबू नये. एक चाचणी जव्हारला आणि एक मोखाड्याला, मुले मजुरीच्या वाटेला लागण्यापूर्वी, दिवाळीच्या आधी घ्यावी.