पावसाच्या माहेरी वणवा!

नगर जिल्हा म्हटला की आपल्या शहरी डोळ्यांपुढे उभा राहतो तो दुष्काळ. (2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, जिभेवर मात्र अजून नगरच येते.) तेव्हा वणवे पेटत असतील ते पारनेर-कर्जतच्या कोरड्या माळांवर, असे कुणालाही वाटावे. पण उन्हाळ्यात रात्री आगीच्या माळा दिसतात त्या अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांवर. आणि याच भागातल्या घाटघरला लोक नगरचे चेरापुंजी म्हणतात!

खरे कारण त्या पावसातच आहे. उघड्याबोडक्या माळावर जळायला असते काय? इथे मात्र श्रावणात गवत कमरेला लागते आणि फाल्गुनापर्यंत कडकडीत वाळते. ओंडका पेटायला वेळ घेतो. गवताच्या काडीला एक ठिणगी पुरते. त्यात डोंगराचा चढ. खालची ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. विझवायला धावणाऱ्या माणसाचा वेग मात्र चढावर कमीच होतो!

मग पहिली ठिणगी टाकतो कोण? बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, असे आपण लहानपणी ऐकलेले. ऑस्ट्रेलियात 2019-20 साली कित्येक वणवे विजेने पेटवले, हे खरे. आपल्याकडे वीज बहुधा वळवाच्या सरी घेऊनच येते. सह्याद्रीतल्या बहुतेक वणव्यांमागे माणसाचाच हात असतो. कुणी भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतो आणि वारा फिरतो. कुणी मध काढायला धूर करतो. कुणी सहलीला येऊन चूल धुमसती सोडतो. जेठात याच भंडारदऱ्याला काजवे पाहायला झुंबड उडते. त्या काजव्यांच्या अळ्या पाचोळ्याखालच्या मातीत वाढतात, हे कितीजणांना ठाऊक असते?

कुणी मुद्दामही पेटवतो: जुने गवत जाळले की नवे जोमाने येते, या समजुतीने. तिला हसू नये. राखेचे खत मिळते, कोंभ लवकर दिसतात, गुरे खूष होतात. पण गवताचा जीव मुळाशी, जमिनीखाली सुरक्षित असतो. झाडाच्या कोवळ्या रोपाचा शेंडा ज्वाळेतच असतो. दर वणव्यात रोपे मरतात, गवत उरते. म्हणजे जंगल हळूहळू कुरण होते, आणि पुढल्या वर्षीचे सरपण वाढते. उघडी पडलेली माती पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांत उतरते. ते ओढे जातात 1926 साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाकडे, ज्याच्या पाण्यावर खाली प्रवरेकाठचा ऊस उभा आहे. आपल्या चहाच्या साखरेपर्यंत ही राख पोचते ती अशी.

वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची वर्दी देते. पण वर्दी मिळून माणूस डोंगर चढेपर्यंत गवत थांबत नाही.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने वाट वेगळी धरली. तिथे 1990 नंतर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली. गवत विळ्याने कापून न्यायचे, असे गावानेच ठरवले. डोंगरावर उभे वाळून पेटले असते ते गवत तिथे भारे बांधून गोठ्यात जाते, आणि सकाळी दुधाच्या रूपाने बाहेर पडते.